फोन परदेशात, पत्ता मायदेशात

समजा, बर्लिनमधल्या एका खोलीत टेबलावर दोन मोबाईल फोन शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्ही एकाच बनावटीचे. एकात जर्मनीतच घेतलेले सिमकार्ड आहे; दुसऱ्यात पुण्याहून आणलेले, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतलेले. दोन्ही फोन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर असलेल्या एकाच टॉवरशी जोडलेले आहेत. वायफाय बंद आहे. आता दोन्ही फोनवर ‘माझा आयपी पत्ता कोणता?’ हे सांगणारे एखादे संकेतस्थळ उघडू. पहिल्या फोनवर उत्तर येते: जर्मनी. दुसऱ्यावर येते: भारत.

नकाशा उघडला तर तो मात्र दोन्हींवर बर्लिनच दाखवेल, कारण नकाशाला फोनची जागा मुख्यतः उपग्रहांकडून कळते. मग इंटरनेटलाच दुसरा फोन भारतात आहे असे का वाटावे?

हे कोडे सुटले की परदेशात मोबाईल वापरणाऱ्यांना पडणाऱ्या बऱ्याच प्रश्नांचा उलगडा होतो. तिथे इंटरनेट रेंगाळल्यासारखे का वाटते, चीनमध्ये बंद असलेली संकेतस्थळे पाहुण्याच्या फोनवर कशी उघडतात, आणि मुख्य म्हणजे बिल एवढे का येते. आता लहान गावांतूनही मुले शिकायला परदेशी जातात, पाठोपाठ त्यांना भेटायला आईवडील जातात, आणि ‘रोमिंग सुरू करून घ्यावे का हो?’ हा प्रश्न अनेकदा शाळेतल्या विज्ञानशिक्षकांकडे येतो. तेव्हा जरा मुळापासून पाहू.

ओळख कशी पटते?

रोमिंग हा शब्द आपल्याला नवा नाही. मोबाईल सेवेच्या नकाशावर मुंबई हे एक मंडळ आहे, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. एकेकाळी आपल्या मंडळाबाहेर गेले की येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. परदेशातले रोमिंग तत्त्वतः तेच, फक्त हद्द देशाची.

प्रत्येक सिमकार्डात एक ओळख क्रमांक साठवलेला असतो. हा आपला दहा आकडी मोबाईल क्रमांक नव्हे. तो साधारणपणे पंधरा आकडी असतो आणि ग्राहकाच्या तो सहसा कधी नजरेस पडत नाही. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे: भारताचे ४०४ किंवा ४०५, जर्मनीचे २६२, नेपाळचे ४२९. त्यापुढचे दोन किंवा तीन आकडे कंपनीचे आणि उरलेले ग्राहकाचे.

प्रत्येक टॉवर आपला देश आणि आपली कंपनी यांचे आकडे रेडिओलहरींवर सतत पुकारत असतो. बर्लिनला उतरून फोन चालू केला की त्याला सगळीकडून २६२ ऐकू येते. कार्डावर तर ४०४ आहे. म्हणजे आपण परमुलखात आहोत हे फोनने ओळखले. आपल्या कंपनीला कोणत्या परदेशी कंपन्या सोयीच्या आहेत, त्यांची पसंतीक्रमाने केलेली यादी सिमकार्डात असते. त्यातली एक निवडून फोन तिला आपला ओळख क्रमांक कळवतो. या जर्मन कंपनीला आपण ‘यजमान’ म्हणू आणि भारतातल्या कंपनीला ‘घरची’. यजमान पहिले आकडे वाचते आणि घरच्या कंपनीला विचारते, ‘हा गृहस्थ तुमचा म्हणवतो. खरा आहे का? याला सेवा देऊ का?’

असे विचारायचे तर दोघींत आधी करार हवा. असा पहिला करार १९९२ साली फिनलंड आणि ब्रिटन इथल्या दोन कंपन्यांमध्ये झाला. आज जगात शेकडो कंपन्या आहेत. प्रत्येकीने प्रत्येकीपर्यंत स्वतंत्र तार टाकणे अशक्यच, म्हणून त्या मध्यस्थ वाहतूक कंपन्यांच्या खाजगी जाळ्यातून एकमेकींशी बोलतात.

आता प्रश्न असा की माणूस खरा आहे हे ठरवायचे कसे? ओळख क्रमांक तर कोणीही खोटा सांगू शकेल. खरी खूण म्हणजे एक गुप्त किल्ली, एक भलीमोठी संख्या. ती फक्त दोन ठिकाणी असते: सिमकार्डात आणि घरच्या कंपनीच्या संगणकात. यजमान परकी, तिला ती सांगायची नाही. पण तिची खात्री तर पटवायची.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. तीन विद्यार्थी उभे करा: सिमकार्ड, घरची कंपनी आणि यजमान. पहिल्या दोघांनाच एक गुप्त संख्या सांगा, समजा ३७. नियम असा की दिलेल्या संख्येला गुप्त संख्येने गुणायचे आणि गुणाकाराचे शेवटचे दोन आकडे सांगायचे. घरची कंपनी मनात येईल ती संख्या घेते, समजा ५८. ५८ गुणिले ३७ बरोबर २१४६, म्हणून उत्तर ४६. ती यजमानाला चिठ्ठी देते: ‘त्याला ५८ विचारा. तो माझाच असेल तर ४६ सांगेल.’ यजमान सिमकार्डाला ५८ विचारते, उत्तर ४६ येते, ओळख पटते. ३७ हा आकडा कोणी उच्चारलासुद्धा नाही. पुढच्या खेपेला प्रश्न वेगळा, त्यामुळे आजचे उत्तर चोरून उद्या उपयोग नाही.

वर्गात एखादा चलाख विद्यार्थी असेलच. तो यजमान झाला तर सिमकार्डाला पहिलाच प्रश्न विचारेल ‘१’, आणि उत्तर येईल ३७! प्रश्न न निवडता नुसत्या ५८ आणि ४६ यांवरूनही थोड्या खटपटीने तो ३७ किंवा ८७ इथवर येऊन पोहोचेल. त्याला रागावू नये. याचा अर्थ गुणाकार या कामाला कच्चा आहे. उत्तरावरून किल्लीकडे उलटे जाता येणार नाही अशी गणिती क्रिया हवी. खऱ्या सिमकार्डातला प्रश्न १२८ बिटांचा असतो आणि क्रिया बरीच गुंतागुंतीची. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी, सिमकार्डांच्या एका जाणकार गटाबरोबर, त्या काळी सर्रास वापरात असलेली एक क्रिया फोडून दाखवली. पद्धत आपल्या चलाख विद्यार्थ्याचीच: हेरून निवडलेले सुमारे दीड लाख प्रश्न कार्डाला विचारायचे आणि उत्तरांवरून किल्ली काढायची. त्यानंतर अधिक भक्कम क्रिया आल्या. तिसऱ्या पिढीपासून तर फोनही उलट यजमानाची परीक्षा घेतो, म्हणजे कोणी खोटा टॉवर उभारून फसवू नये.

लिफाफ्यात लिफाफा

ओळख पटली. घरच्या कंपनीने आपल्या वहीत ‘आमचा ग्राहक सध्या अमुक जर्मन कंपनीकडे’ अशी नोंद केली. आता इंटरनेट.

इथे दोन मार्ग संभवतात. यजमान फोनला तिथल्या तिथे इंटरनेटशी जोडून देऊ शकते. तंत्रज्ञानाच्या नियमांत याची सोय आहे. पण बहुतेक कंपन्या दुसरा मार्ग घेतात. फोनने पाठवलेले प्रत्येक पाकीट यजमान न उघडता एका मोठ्या लिफाफ्यात घालते, त्यावर घरच्या कंपनीच्या दाराचा पत्ता लिहिते आणि त्या खाजगी जाळ्यातून रवाना करते. मुंबईला किंवा जिथे ते दार असेल तिथे बाहेरचा लिफाफा फाडला जातो आणि आतले पाकीट इंटरनेटवर सोडले जाते. उत्तरही उलट याच वाटेने. इंटरनेटच्या दृष्टीने ते पाकीट मुंबईत जन्मले, कारण आयपी पत्ता देणारे दार मुंबईला आहे.

दोन फोनांचे कोडे इथे सुटले. चीनमधले कोडेही सुटते. तिथली संकेतस्थळे अडवणारी चाळण इंटरनेटच्या वाटेवर बसवलेली आहे. पाहुण्याची पाकिटे लिफाफ्यात बंद होऊन तिला न भेटता निघून जातात. उलट बाजूही लक्षात घ्यावी. भारतात जे संकेतस्थळ अडवलेले आहे ते रोमिंगवरच्या भारतीय सिमकार्डाला बर्लिनमध्ये बसूनही बहुधा उघडणार नाही. प्रवाशांसाठी विकल्या जाणाऱ्या ई-सिममध्ये तर आणखी गंमत असते. माणूस जपानमध्ये, पण आयपी पत्ता बऱ्याचदा हाँगकाँगचा किंवा सिंगापूरचा, कारण ई-सिम विकणाऱ्याचे दार तिथे असते.

कंपन्या असा वळसा का घेतात? ग्राहक आपल्या दारातूनच ये-जा करत राहिला की त्याचा हिशेब, त्याच्यावरचे निर्बंध आणि त्याच्या देशाच्या कायद्याची पूर्तता सारे आपल्या हातात राहते. हिशेबाच्या या मुद्द्याकडे आपण परत येणार आहोत.

वळशाची किंमत, मिलिसेकंदांत

बर्लिन ते मुंबई सरळ अंतर साधारण ६,३०० किलोमीटर. पण प्रकाशतंतूची केबल सरळ जात नाही. एक नेहमीचा मार्ग मुंबईहून अरबी समुद्र, लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा फ्रान्समधल्या मार्सेपर्यंत आहे, आणि पुढे जमिनीवरून. हिशेबाला सोपे म्हणून १०,००० किलोमीटर धरू. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, निर्वातातल्या वेगाच्या दोनतृतीयांश. म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला १०,००० भागिले २,००,००० बरोबर ०.०५ सेकंद, अर्थात ५० मिलिसेकंद.

बर्लिनच्या पाहुण्याला बर्लिनच्याच एखाद्या संग्रहालयाचे संकेतस्थळ पाहायचे आहे आणि त्याचा संगणकही बर्लिनमध्येच आहे असे समजा. विनंती फोनकडून मुंबईला गेली, ५०. मुंबईहून बर्लिनच्या संगणकाकडे, ५०. उत्तर मुंबईला, ५०. तिथून फोनकडे, ५०. एकूण २०० मिलिसेकंद, आणि यात वाटेतल्या यंत्रांचा विलंब धरलेलाच नाही. शेजारच्या जर्मन फोनला हेच काम काही दशक मिलिसेकंदांत जमते.

पाव सेकंदही नाही, मग काय बिघडले? बिघडते ते असे की एक पान उघडायला एक फेरी पुरत नाही. आधी संगणकाशी संधान बांधायचे, मग गुप्त भाषा ठरवायची, मग पान मागायचे. अशा तीन फेऱ्या धरल्या तर पहिले अक्षर यायच्या आधीच ०.६ सेकंद गेले. शिवाय पानावरची चित्रे आणि जाहिराती आणखी चार ठिकाणांहून यायच्या. फोनवर ‘५जी’ अशी खूण दिसते आणि तरी पान रेंगाळते, त्याचे कारण हे. ती खूण फोन आणि टॉवर यांमधल्या काहीशे मीटरांबद्दल बोलते. पुढच्या हजारो किलोमीटरांबद्दल नाही.

मात्र हाच फोन गावाकडच्या आईशी इंटरनेटवरून बोलायला वापरला तर हा वळसा जवळजवळ नाहीसा होतो. ते बोलणे भारतात यायचेच होते. रोमिंगचा विलंब बोचतो तो समोरचे टोक परदेशात असताना.

समुद्रातली वाट बंद पडली तर विलंब वाढतो. २०२४ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरात लाल समुद्रात काही केबली तुटल्या, तेव्हा आशिया आणि युरोपमधली बरीच वाहतूक दूरच्या मार्गांनी वळवावी लागली होती.

पैसे कशाचे?

इथवर वाचून कोणालाही वाटेल की एवढ्या लांबचा प्रवास, एवढ्या कंपन्या मध्ये, तर रोमिंग महाग असणे स्वाभाविकच आहे. आमच्या मते हा निष्कर्ष तपासून पाहायला हवा. सुदैवाने युरोपमध्ये त्याचा एक मोठा प्रयोगच होऊन गेला आहे.

युरोपीय संघाने १ जुलै २०१२ पासून रोमिंगवरच्या डेटाला कमाल दर ठरवून दिला: एका मेगाबाइटला ७० सेंट, कर वेगळा. हा कमी केलेला दर होता, हे ध्यानात ठेवावे. या दराने ३ मेगाबाइटचा एक फोटो घरी पाठवायला २ युरो १० सेंट पडत. साध्या प्रतीचा चित्रपट तासभर पाहिला, समजा ७०० मेगाबाइट, तर ४९० युरो. एका गिगाबाइटचे ७०० युरो झाले. पुढे ही मर्यादा २०१३ मध्ये ४५ सेंट, २०१४ मध्ये २० सेंट अशी उतरत गेली. २०१६ च्या एप्रिलअखेर देशातल्या दरावर जास्तीत जास्त ५ सेंट अधिभार लावण्याची मुभा उरली. आणि १५ जून २०१७ पासून अधिभारच रद्द झाला. फ्रान्सचा ग्राहक जर्मनीत आपला घरचाच पॅक वापरू लागला, वाजवी वापराच्या काही अटींसह.

कंपन्यांनी एकमेकींना द्यायच्या घाऊक दरालाही अशीच मर्यादा आहे. २०१७ मध्ये ती गिगाबाइटला ७ युरो ७० सेंट होती, २०२२ मध्ये २ युरोवर आली, २०२५ मध्ये १ युरो ३० सेंट. २०२७ साठी १ युरो ठरवलेली आहे.

आता विज्ञानाच्या माणसाने विचारायचा प्रश्न: या वर्षांत बदलले काय? टॉवर आणि यंत्रे सुधारली, प्रतिगिगाबाइट खर्च नक्कीच घटला. पण पाच वर्षांत ७०० युरोवरून शून्य अधिभारापर्यंतची उडी नुसत्या सुधारणेने पडत नाही. नियम बदलले.

कोणी म्हणेल, हे सिद्ध कसे करणार? प्रयोगाला तुलनेसाठी दुसरा गट हवा. तोही मिळाला. ब्रिटन संघातून बाहेर पडला आणि २०२० अखेर संक्रमणकाळ संपल्यावर युरोपचे रोमिंगचे नियम ब्रिटिश कंपन्यांना लागू राहिले नाहीत. २०२२ पासून तिथल्या काही बड्या कंपन्यांनी युरोपातल्या रोमिंगला पुन्हा पैसे आकारायला सुरुवात केली. काहींनी केली नाही. खाडीखालची केबल तीच, टॉवर तेच, लिफाफ्यात लिफाफा तोच.

तेव्हा रोमिंगच्या बिलात वाहतुकीचा खरा खर्च असतो, यजमानाच्या टॉवरचे भाडे असते, मध्यस्थाचे आणि हिशेबाचे पैसे असतात. पण मोठा भाग असतो तो ग्राहकाच्या नाइलाजाचा. परक्या विमानतळावर उतरलेला माणूस भाव करत बसत नाही. भारत आणि इतर देश यांच्यामध्ये युरोपसारखी सामाईक दरमर्यादा नसल्याने आपल्याकडे भाव ठरतो तो कंपन्यांच्या आपसातल्या करारांवर आणि तुम्ही पॅक घेतला की नाही यावर. पॅक न घेता वापरलेल्या डेटाचा दर पॅकच्या दराच्या कित्येक पट असू शकतो.

अवाढव्य बिल येते तेव्हा ‘परदेशातला हिशेब आम्हांला उशिरा कळतो’ असे कारण कधीकधी ऐकवले जाते. कॉलच्या बाबतीत ते पूर्वी काही अंशी खरे होते. यजमानाकडून नोंदींच्या फायली येईपर्यंत दिवस जात. डेटाच्या बाबतीत हे कारण आम्हांला लंगडे वाटते. वर पाहिलेच की प्रत्येक पाकीट घरच्या कंपनीच्याच दारातून जाते. किती गेली हे तिला त्याच क्षणी मोजता येते आणि मर्यादा गाठताच दार लावताही येते. युरोपने २०१० मध्ये नेमके हेच सक्तीचे केले: ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल तर ५० युरोला डेटा आपोआप थांबला पाहिजे. भारतातून निघण्यापूर्वी आपल्या कंपनीला विचारण्याजोगा पहिला प्रश्न दराचा नाही, तर हा: पॅक संपल्यावर डेटा थांबतो की महागड्या दराने चालूच राहतो?

निघण्यापूर्वी

फोन खिशात असतानाही डेटा वापरत असतो. फोटोंची प्रत साठवणे, ॲप अद्ययावत करणे, गटांमधले व्हिडिओ उतरवून घेणे ही कामे तो न विचारता करतो. म्हणून फोनच्या सेटिंगमधले ‘डेटा रोमिंग’ हे बटण विमानात बसण्याआधीच बंद करावे आणि पॅक सुरू झाल्याची खात्री पटल्यावरच उघडावे.

डेटा बंद केला तर बँकेचा ओटीपी येणार नाही, अशी भीती पुष्कळांना असते. ती अनाठायी आहे. एसएमएसला इंटरनेट लागत नाही. घरची कंपनी आपल्या वहीत ग्राहक कुठे आहे ते पाहते आणि संदेश यजमानाकडे पाठवते. मात्र आंतरराष्ट्रीय रोमिंग मायदेशातच सुरू करून घेतलेले हवे. तिकडे पोहोचल्यावर ते सुरू करायलाच ओटीपी लागला तर पंचाईत. दोन सिमची सोय असलेल्या फोनमध्ये भारतीय सिम एसएमएससाठी ठेवून त्याचा डेटा बंद करावा आणि डेटासाठी तिथले स्थानिक सिम घ्यावे. महिनाभर राहणाऱ्या आईवडिलांना हे सोयीचे पडते, आणि वर पाहिलेला २०० मिलिसेकंदांचा वळसाही टळतो.

सरहद्दीजवळ मात्र सावध राहावे लागते. रेडिओलहरींना देशाची सीमा ठाऊक नसते. मोकळ्या मैदानात किंवा सरोवराकाठी टॉवरचा संदेश पंधरा-वीस किलोमीटरही सहज जातो. कॉन्स्टान्झ हे जर्मन शहर स्वित्झर्लंडला इतके खेटून आहे की तिथल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या फोनला पलीकडचा टॉवर अधिक ठणठणीत ऐकू येऊ शकतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे संघातले रोमिंगचे नियम तिथे लागू नाहीत. आपल्या पॅकच्या देशांच्या यादीत तो आहे का, हे पाहून ठेवावे. अशा ठिकाणी फोनने आपोआप कंपनी निवडण्याची सोय बंद करून ती हाताने निवडणे शहाणपणाचे.

सर्वांत महाग फसगत होते ती मात्र कोणत्याच देशात नसताना. समुद्रपर्यटनाच्या मोठ्या जहाजांवर आणि काही विमानांमध्ये स्वतःचा छोटा टॉवर असतो. तो देशाचे आकडे पुकारतो ९०१, म्हणजे कोणत्याही एका देशाचा नव्हे असा. ‘युरोपचा पॅक’ किंवा ‘अमेरिकेचा पॅक’ त्याला सहसा लागू नसतो, आणि युरोपची दरमर्यादाही फक्त जमिनीवरच्या जाळ्यांना आहे. हा टॉवर उपग्रहाशी बोलतो. तो भूस्थिर असेल तर विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असणार. पाकिटाला वर जाऊन खाली यायला ७२,००० किलोमीटर, म्हणजे निर्वातातल्या प्रकाशवेगानेही ०.२४ सेकंद. उत्तर परत यायला पुन्हा तेवढेच. यात जमिनीवर उतरल्यानंतर घरच्या कंपनीच्या दारापर्यंतचा प्रवास धरलेला नाही.